इगोरोत अस्मिता

इगोरोत अस्मिता म्हणजे फिलिपिन्समधील लुझॉन बेटाच्या उत्तर भागातील कॉर्डिलेरा पर्वतरांगेत राहणाऱ्या आदिवासी समूहांची सामाईक वांशिक जाणीव आणि ती व्यक्त करण्याच्या त्यांच्या पद्धती. 'इगोरोत' हे एका जमातीचे नाव नसून अनेक भाषा बोलणाऱ्या अनेक समूहांसाठी वापरले जाणारे सामूहिक नाव आहे. हे नाव प्रथम मैदानी प्रदेशातील लोकांनी व स्पॅनिश राज्यकर्त्यांनी रूढ केले आणि दीर्घकाळ ते 'रानटी', 'अडाणी' अशा अर्थाने वापरले गेले. विसाव्या शतकात शिक्षण, शहरांकडील स्थलांतर आणि जमिनीच्या हक्कांसाठी झालेले लढे यांमुळे याच समूहांतील अनेकांनी ते अभिमानाने स्वीकारले. मात्र सर्व समूहांना हे नाव मान्य नाही. इफुगाओ व कालिंगा समूहांतील अनेक लोक स्वतःला इगोरोत न म्हणता आपापल्या समूहाच्या नावानेच ओळख सांगतात.

नावाची व्युत्पत्ती

'इगोरोत' हा शब्द 'गोलोत' या जुन्या शब्दापासून आला आहे. गोलोत म्हणजे डोंगररांग. लुझॉनमधील अनेक भाषांत 'इ-' हा उपसर्ग 'तेथील रहिवासी' हा अर्थ दर्शवतो. त्यामुळे 'इगोलोत' म्हणजे डोंगरातील लोक. स्पॅनिश कागदपत्रांत या शब्दाची 'इगोलोते', 'इगोरोते' अशी रूपे आढळतात.

शब्दाचा मूळ अर्थ असा केवळ भौगोलिक आहे. त्याला चिकटलेला कमीपणा मागाहून आला. स्पॅनिश सत्तेखाली ख्रिस्ती झालेले, कर भरणारे मैदानी लोक आणि ती सत्ता न मानणारे डोंगरी लोक अशी विभागणी झाल्यावर 'इगोरोत' हा शब्द धर्म न स्वीकारलेल्या, अंकित न झालेल्या माणसाचा वाचक बनला.

इतर काही समूहनामांचा प्रवासही असाच आहे. 'इफुगाओ' हे नाव टेकडी या अर्थाच्या 'पुगो' या शब्दापासून आले असून त्याचाही अर्थ 'टेकडीवरचे लोक' असाच होतो. 'कालिंगा' हे नाव शेजारच्या इबानाग व गाद्दांग भाषांतील 'शत्रू' या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानले जाते. आज मात्र हेच नाव त्या समूहाचे आणि त्याच्या प्रांताचे अधिकृत नाव आहे.

समूह आणि प्रदेश

कॉर्डिलेरा प्रशासकीय प्रदेशात आब्रा, आपायाओ, बेंगेत, इफुगाओ, कालिंगा व माउंटन प्रॉव्हिन्स हे सहा प्रांत आणि बागियो हे शहर यांचा समावेश होतो. २०२० च्या जनगणनेनुसार या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. त्यांत मैदानी प्रदेशातून येऊन स्थायिक झालेले लोकही आहेत. येथील प्रमुख आदिवासी समूह पुढीलप्रमाणे आहेत : बेंगेतमधील इबालोइ, बेंगेत व माउंटन प्रॉव्हिन्समधील कांकानाय, माउंटन प्रॉव्हिन्समधील बोंतोक, तसेच इफुगाओ, कालिंगा, आपायाओमधील इस्नेग आणि आब्रामधील तिंग्गियान किंवा इत्नेग.

या समूहांच्या भाषा परस्परांहून भिन्न आहेत. दोन भिन्न समूहांतील माणसे एकत्र आल्यावर बहुधा इलोकानो भाषेत बोलतात. ही भाषा मुळात किनारपट्टीवरील लोकांची आहे. त्यामुळे इगोरोत अस्मितेचा आधार एक भाषा हा नाही. समान भूगोल, भातशेतीची संस्कृती, विधींमधील साम्य आणि बाहेरच्यांकडून मिळालेली सारखी वागणूक हे तिचे मुख्य आधार आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्पॅनिश काळ

सोन्याच्या शोधात स्पॅनिशांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बेंगेतच्या डोंगरात मोहिमा काढल्या, परंतु तेथे त्यांना टिकाव धरता आला नाही. एकोणिसाव्या शतकात गिलेर्मो गाल्वेय या अधिकाऱ्याच्या मोहिमांत गावे जाळली गेली व शेतीची नासधूस झाली. तरीही तीन शतकांहून अधिक काळच्या स्पॅनिश सत्तेत कॉर्डिलेराचा मोठा भाग पूर्णपणे अंकित झाला नाही. 'आम्ही कधीच जिंकले गेलो नाही' ही भावना आजच्या इगोरोत अस्मितेत महत्त्वाची आहे. त्याच वेळी या प्रतिकारामुळेच इगोरोतांना 'असंस्कृत' ठरवले गेले. विल्यम हेन्री स्कॉट या इतिहासकाराच्या मांडणीनुसार डोंगरी आणि मैदानी फिलिपिनो यांच्यातील दरी ही मुळातील वांशिक भेदातून निर्माण झालेली नसून वसाहतवादाच्या इतिहासातून निर्माण झाली आहे.

इफुगाओमधील पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे दोन हजार वर्षांची आहेत असे दीर्घकाळ मानले जात होते. स्टीफन आकाबादो यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खननांच्या आधारे असे मत मांडले आहे की, या खाचरांचा मोठा विस्तार स्पॅनिश आगमनानंतर, डोंगरात आश्रय घेतलेल्या लोकवस्तीमुळे झाला. या मतानुसार खाचरांचे वय कमी होते, परंतु वसाहती सत्तेला दिलेल्या प्रतिकाराची खूण म्हणून त्यांना वेगळे महत्त्व प्राप्त होते.

प्रदर्शनांतील माणसे

१८८७ मध्ये माद्रिदच्या रेतिरो उद्यानात भरलेल्या फिलिपिन्सविषयक प्रदर्शनात इगोरोत माणसे प्रेक्षकांसमोर ठेवण्यात आली. त्या वेळी युरोपात असलेले फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांनी आपल्या पत्रांतून याबद्दल संताप व्यक्त केला होता.

अमेरिकी राजवटीत हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. १९०४ मध्ये सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात सुमारे ४७ एकर जागेवर फिलिपिन्स विभाग उभारण्यात आला आणि त्यासाठी एक हजाराहून अधिक फिलिपिनो तेथे नेण्यात आले. त्यांतील इगोरोतांच्या वस्तीला सर्वाधिक गर्दी होई. मूळ समाजात विशिष्ट विधींपुरते मर्यादित असलेले कुत्र्याचे मांस खाणे तेथे रोजचा देखावा बनले. फिलिपिनो लोक स्वराज्यास अपात्र आहेत, हे अमेरिकी जनतेला पटवण्यास असे देखावे उपयोगी पडले. पुढील काही वर्षे इगोरोतांचे गट अमेरिकेतील जत्रा व करमणूक उद्यानांतून फिरवण्यात आले. अशा एका गटाचा व्यवस्थापक ट्रुमन हंट याच्यावर त्या लोकांचे वेतन हडपल्याबद्दल खटले चालले.

या प्रदर्शनांचा एक परिणाम फिलिपिन्समध्येही दिसून आला. जगासमोर संपूर्ण देशाची ओळख लंगोटी नेसलेला डोंगरी माणूस अशी झाली, याची मैदानी प्रदेशातील सुशिक्षितांना लाज वाटू लागली आणि इगोरोतांपासून स्वतःला वेगळे दाखवण्याची त्यांची वृत्ती बळावली.

नावावरील वाद

मुत्सद्दी व लेखक कार्लोस रोमुलो यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात इगोरोत हे फिलिपिनो नाहीत अशा आशयाचे विधान केले. पुढे रोमुलो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे हे विधान कॉर्डिलेरात आजही अपमानाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते.

या अपमानाला समाजातून दोन प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले उत्तर म्हणजे शब्दच टाकून देणे. १९५८ मध्ये माउंटन प्रॉव्हिन्सचे लोकप्रतिनिधी लुइस होरा यांनी कायदे, पाठ्यपुस्तके व छापील साहित्य यांत 'इगोरोत' हा शब्द वापरण्यास बंदी घालावी आणि त्याऐवजी 'डोंगरी रहिवासी' अशा अर्थाचा शब्द वापरावा, यासाठी विधेयक मांडले. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट होते : दोष शब्दात नसून तो वापरणाऱ्याच्या मनात आहे, तेव्हा शब्द न टाकता त्याचा अर्थ बदलावा. स्कॉट यांनी १९६२ मध्ये या शब्दाच्या इतिहासावर लिहिलेल्या लेखाने या दुसऱ्या भूमिकेला आधार मिळाला. शब्द मूळचा निर्दोष आहे हे त्यातून सुशिक्षित तरुणांपर्यंत पोहोचले.

याच काळात बागियोतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत 'बिबाक' ही संघटना वाढली. बेंगेत, इफुगाओ, बोंतोक, आपायाओ व कालिंगा या पाच विभागांच्या आद्याक्षरांपासून हे नाव तयार झाले आहे. गावात असताना हे विद्यार्थी बोंतोक किंवा इबालोइ होते. शहरात मात्र मैदानी सहाध्यायांच्या दृष्टीने ते सर्व सरसकट 'इगोरोत' होते. या सामायिक अनुभवातून समूहांच्या सीमा ओलांडणारी एकजूट निर्माण झाली.

जमीन आणि अस्मिता

इगोरोत अस्मितेचा जमिनीच्या हक्काशी निकटचा संबंध आहे. मातेओ कारिन्यो या इबालोइ जमीनधारकाने बागियो परिसरातील आपल्या जमिनीसाठी अमेरिकी वसाहती सरकारविरुद्ध दावा लावला होता. स्पॅनिश काळातील कागद नाही म्हणून ही जमीन सरकारची, असे सरकारचे म्हणणे होते. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कारिन्यो यांच्या बाजूने निकाल दिला. जी जमीन माणसांच्या आठवणीइतक्या जुन्या काळापासून खाजगी मालकीने वहिवाटली गेली आहे ती सरकारी नव्हतीच असे मानावे, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिलेला हा निकाल आदिवासींच्या मूळ मालकीहक्काच्या कायदेशीर सिद्धांताचा पाया मानला जातो. बागियोत २३ फेब्रुवारी हा दिवस 'इबालोइ दिन' म्हणून पाळला जातो.

१९७० च्या दशकात फर्डिनांड मार्कोस यांच्या सरकारने चिको नदीवर धरणांची मालिका बांधण्याची योजना आखली. त्यामुळे कालिंगा व बोंतोक यांची गावे, भातखाचरे आणि पूर्वजांच्या दफनभूमी पाण्याखाली जाणार होत्या. गावकऱ्यांनी सर्वेक्षणाचे काम अडवले आणि त्यात स्त्रिया आघाडीवर होत्या. एरवी दोन गावांमध्ये होणारा 'बोदोंग' हा पारंपरिक शांतता करार या लढ्यासाठी अनेक गावांमध्ये मिळून करण्यात आला. जी गावे पूर्वी परस्परांशी लढत होती ती आता एका बाजूला आली. २४ एप्रिल १९८० रोजी कालिंगामधील बुग्नाय गावचे प्रमुख माक्लिइंग दुलाग यांची सैनिकांनी गोळ्या घालून हत्या केली. जे अनंत काळ टिकते त्या जमिनीवर क्षणभंगुर माणूस मालकी कशी सांगणार, हा त्यांचा विचार पुढे सर्व कॉर्डिलेराचा झाला. अखेरीस धरणांची योजना गुंडाळावी लागली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉर्डिलेरा पीपल्स अलायन्स' या संघटनेच्या पुढाकाराने २४ एप्रिल हा 'कॉर्डिलेरा दिन' म्हणून पाळला जाऊ लागला.

१९९७ मध्ये संमत झालेल्या आदिवासी हक्क कायद्याने पूर्वापार भूप्रदेशावरील हक्क, स्वशासन आणि सांस्कृतिक वारशाचे संरक्षण यांना मान्यता दिली. खाणी, धरणे यांसारख्या प्रकल्पांसाठी संबंधित समाजाची पूर्वसंमती आवश्यक ठरवण्यात आली. हक्क मिळवण्यासाठी आता समाजाला आपली वंशावळ, रूढी आणि जमिनीवरील वहिवाट यांचे पुरावे राष्ट्रीय आदिवासी आयोगासमोर मांडावे लागतात. त्यामुळे आपण कोण आहोत हे लिहून ठेवणे ही कायदेशीर गरजही बनली. मात्र याच कायद्यातील ७८ व्या कलमाने बागियो शहराचा कारभार त्याच्या स्वतंत्र सनदेनुसारच चालेल अशी तरतूद केली. ज्या भूमीवरील दाव्यातून मूळ मालकीहक्काचा सिद्धांत पुढे आला, तेथील इबालोइंना अशा प्रकारे या कायद्याचा पुरेसा लाभ मिळाला नाही, अशी तक्रार केली जाते.

स्वायत्ततेचा प्रश्न

१९८७ च्या राज्यघटनेत मुस्लिम मिंदानाओ आणि कॉर्डिलेरा या दोन स्वायत्त प्रदेशांची तरतूद आहे. त्याच वर्षी १५ जुलै रोजी कार्यकारी आदेशाने कॉर्डिलेरा प्रशासकीय प्रदेश स्थापन झाला. परंतु स्वायत्ततेसाठी घेतलेली दोन्ही सार्वमते अयशस्वी ठरली. १९९० मध्ये केवळ इफुगाओ प्रांताने आणि १९९८ मध्ये केवळ आपायाओ प्रांताने अनुकूल कौल दिला. एकच प्रांत म्हणजे 'प्रदेश' होऊ शकत नाही, असे १९९० च्या सार्वमतानंतर फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सांस्कृतिक एकजूट दृढ असली तरी तिचे राजकीय एकतेत आपोआप रूपांतर होत नाही, हे या निकालांवरून दिसून येते.

अभिव्यक्तीची साधने

गावाचे नाव

कॉर्डिलेरातील माणूस स्वतःची ओळख बहुधा गावापासून सांगतो. 'इ-' हा उपसर्ग लावून 'इसागादा' म्हणजे सागादाचा, 'इबोंतोक' म्हणजे बोंतोकचा. गाव, समूह, इगोरोत आणि फिलिपिनो अशा ओळखीच्या अनेक पातळ्या एकाच माणसाच्या ठायी असतात. समोर कोण आहे त्यावर त्यांपैकी कोणती सांगायची हे ठरते.

पेहराव

हातमागावर विणलेले, पट्टेदार व नक्षीदार कापड ही अस्मितेची सर्वांत ठळक खूण आहे. स्त्रिया कमरेभोवती गुंडाळायचे वस्त्र नेसतात, पुरुष लंगोटी नेसतात. रंग व नक्षी यांवरून समूह ओळखता येतो. ज्या लंगोटीमुळे एकेकाळी हेटाळणी झाली तीच आता पदवीदान समारंभात, विवाहात व शासकीय कार्यक्रमांत अभिमानाने नेसली जाते.

गांगसा आणि नृत्य

'गांगसा' म्हणजे काठ असलेली काशाची किंवा पितळेची थाळी. अनेक जण आपापली गांगसा वाजवत एका रांगेत किंवा वर्तुळात नाचतात. प्रत्येकाचा ठोका वेगळा असतो आणि सर्व ठोके मिळून ताल तयार होतो. विवाह, सुगी आणि 'कान्याओ' नावाने ओळखले जाणारे विधीभोजन अशा प्रसंगी हे नृत्य होते. प्रांतांचे वार्षिक उत्सवही आता अशा नृत्यांची मोठी व्यासपीठे बनले आहेत. बेंगेतचा 'आदिवाय', माउंटन प्रॉव्हिन्सचा 'लांग-आय' व बानावेचा 'इंबाया' हे त्यांपैकी काही होत.

मौखिक परंपरा

इफुगाओंची 'हुधुद' गाथा भाताची पेरणी, कापणी आणि मृताजवळील जागरण या वेळी प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्या पुढाकाराने गायली जाते. युनेस्कोने २००१ मध्ये तिचा गौरव केला व २००८ मध्ये तिचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. 'सालिदुम्माय' या गीतप्रकाराचा वापर धरणविरोधी लढ्यात जागृतीसाठी झाला आणि एका गावाचे गाणे सर्व कॉर्डिलेराचे झाले.

गोंदण

कालिंगांमध्ये गोंदण पुरुषांसाठी पराक्रमाची, तर स्त्रियांसाठी सौंदर्याची व प्रौढत्वाची खूण होती. लिंबूवर्गीय झाडाचा काटा काठीला बांधून, त्यावर काजळीची शाई लावून, दुसऱ्या काठीने ठोकत ते काढले जाते. बुस्कालान गावातील व्हांग-ओद या वृद्ध गोंदणकर्तीमुळे ही कला जगभर पोहोचली. २०२३ मध्ये वयाच्या १०६ व्या वर्षी त्या 'व्होग फिलिपिन्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. रूढीनुसार ही कला रक्ताच्या नात्यातच शिकवली जात असल्याने त्यांनी ती आपल्या नात्यातील तरुणींना शिकवली आहे.

छायाचित्रे, चित्रपट व आंतरजाल

सागादा येथे जन्मलेले एदुआर्दो मास्फेरे (१९०९–१९९५) यांचे वडील स्पॅनिश व आई कांकानाय होती. १९३४ पासून सुमारे दोन दशके त्यांनी कॉर्डिलेरातील जीवनाची छायाचित्रे काढली. त्यांतील माणसे शेतात, घरात आणि विधींत आपापल्या कामात दिसतात. प्रदर्शनांतील छायाचित्रांपेक्षा ती या बाबतीत वेगळी आहेत. मार्लोन फुएन्तेस यांच्या १९९५ मधील 'बोंतोक युलॉजी' या चित्रपटाचा विषय १९०४ चे प्रदर्शन हा आहे. बागियोचे चित्रपटकार किडलात ताहिमिक यांनी २०२१ मध्ये माद्रिदच्या रेतिरो उद्यानातील स्फटिक महालात आपली कलाकृती मांडली. हा महाल १८८७ च्या प्रदर्शनासाठीच बांधलेला होता.

आंतरजालामुळे गावचे विधी, शब्द, कुळकथा व छायाचित्रे यांच्या नोंदी समाजातील सामान्य माणसांनाही स्वतःच प्रसिद्ध करता येऊ लागल्या. पूर्वी इगोरोतांविषयीचे बहुतेक लेखन मिशनरी, अधिकारी व मानवशास्त्रज्ञ यांचे असे.

परदेशस्थ समाज

अमेरिका, कॅनडा व युरोपात स्थायिक झालेल्या इगोरोतांनी 'बिबाक' नावाच्या शाखा स्थापन केल्या आहेत. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील वेस्ट कोव्हिना येथे पहिली आंतरराष्ट्रीय इगोरोत परिषद भरली. परदेशात जन्मलेल्या मुलांना बहुधा पूर्वजांची भाषा येत नाही. त्यांच्यासाठी गांगसाचे नृत्य व विणलेले वस्त्र हेच गावाशी असलेले मुख्य नाते असते.

वाद आणि आव्हाने

इगोरोतांना शेपूट असते ही जुनी दंतकथा आणि ते अस्वच्छ व अशिक्षित असतात हा समज अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. २०२१ मध्ये शालेय अभ्याससाहित्यात इगोरोतांचे हीन चित्रण आढळल्याने कॉर्डिलेरात तीव्र निषेध झाला.

दुसरा प्रश्न प्रदर्शनाचा आहे. बागियोत पर्यटक भाड्याने मिळणारा इगोरोत पोशाख घालून छायाचित्रे काढतात. बानावे येथे वृद्ध माणसे पारंपरिक वेशात छायाचित्रासाठी उभी राहून पैसे घेतात. मृतदेहाला गुंडाळायच्या वस्त्राची नक्षी फॅशनच्या कपड्यांवर येते. यंत्रावर छापलेल्या नकलांमुळे विणकर स्त्रियांचे उत्पन्न घटते. २०२१ मध्ये एका परदेशी ऑनलाइन शिक्षणसंस्थेने व्हांग-ओद यांच्या नावाने अभ्यासक्रम जाहीर केल्यावर समाजाच्या संमतीचा प्रश्न उपस्थित झाला आणि तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. हे ज्ञान एका व्यक्तीचे की संपूर्ण समाजाचे, हा वादाचा गाभा होता.

तिसरा प्रश्न भाषेचा आहे. शाळेच्या पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिक्षण देण्याचे धोरण २०१२ पासून देशभर लागू झाले होते; २०२४ च्या कायद्याने ते बंधनकारक राहिले नाही. लहान भाषा बोलणाऱ्या समूहांसाठी हा बदल चिंतेचा आहे.

या तिन्ही वादांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : इगोरोतांचे चित्रण करण्याचा अधिकार कोणाचा? १९०४ च्या प्रदर्शनात तो अधिकार त्यांच्याकडे नव्हता. नृत्य, वेश आणि विधी तेच असले तरी ते कोणी, कोणासाठी व कोणाच्या संमतीने सादर करावेत हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे असावा, ही आजच्या इगोरोत अस्मितेची प्रमुख मागणी आहे.